ओतिलिया घरपट्टी घेऊन गेली

ओतिलियाचं घर नऊ दिवसांत विकलं गेलं, आणि त्या नऊही दिवसांत दिओलिंदाला घास धड गिळवला नाही.

विकलं गेलं ते अकरा लाख ऐंशी हजार डॉलरला. पंचेचाळीस वर्षांपूर्वी दोघींनी सॅन होझेच्या त्या गल्लीत एकाच आठवड्यात, एकाच दलालाकडून, शेजारशेजारची जुळी घरं घेतली होती तेव्हा एकेकीला बासष्ट हजार पडले होते. तेव्हा दोघींचे नवरे एकाच डबाबंद फळांच्या कारखान्यात होते आणि दोघी अझोर्स बेटांवरच्या एकाच खेड्यातून आलेल्या. दोन्ही दारांपुढे सात-सात पायऱ्या. दोन्ही न्हाणीघरांत तीच उंच काठाची पांढरी टबं, ज्यांत शिरायला आता देवाचा धावा करावा लागे. दिओलिंदा ओतिलियाच्या मुलाची, दुआर्तेची, धर्ममाता झाली तेव्हापासून दोघी एकमेकींना 'कोमाद्रे' म्हणत. सख्ख्या बहिणींशी भांडताना माणूस जरा तरी जपतं. कोमाद्रेशी जपावं लागत नाही.

आणि घरपट्टीसुद्धा जुळीच. त्यांनी घरं घेतली त्याच वर्षी राज्यातल्या लोकांनी मत देऊन ठरवलं होतं की घर ज्या किमतीला घेतलं त्या किमतीवर घरपट्टी, आणि ती वर्षाला शेकडा दोनाच्या वर चढायची नाही. त्यामुळे गल्लीत घरांच्या किमती आभाळाला टेकल्या तरी या दोन बायकांची घरपट्टी गोगलगाईसारखी सरकत राहिली. दर ऑक्टोबरात बिलं आली की दोघी पायऱ्यांवर बसून ती शेजारी शेजारी धरून बघत. दिओलिंदाच्या नवऱ्याने, झाय्मेने, मागच्या बाजूला एक खोली वाढवली त्या वर्षापासून दिओलिंदाचं बिल ओतिलियाच्या बिलापेक्षा थोडं जास्त येऊ लागलं. फरक एका चांगल्या माशाच्या जेवणाएवढा. पण दिओलिंदाला तो दर ऑक्टोबरात खुपायचा, कारण कागदपत्रांच्या बाबतीत ओतिलियाने आपल्यावर कधी मात करावी हे तिला पटण्यासारखं नव्हतं.

कागद म्हणजे दिओलिंदा, हे साऱ्या मंडळीत ठरलेलं होतं. चौथीनंतर शाळा सुटली होती, पण इंग्रजी ती वाचनालयात बसून, शब्दकोश मांडीवर घेऊन शिकली. रविवारी प्रार्थना झाली की चर्चच्या सभागृहाच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या टेबलाशी ती काळं पेन घेऊन बसे, आणि बायका रांगेने फॉर्म घेऊन येत. पेन्शनचे, दवाखान्याचे, नातवाच्या शिष्यवृत्तीचे. पैसे घ्यायची नाही. अंडी, चीज, गोड पाव, कोबीची जुडी चालायची. "इथे सही कर. इथे. आणि इथे. रेषेच्या वर जाऊ नकोस." गेल्या तीस वर्षांत ओतिलियाने स्वतः भरलेला फॉर्म कुणी पाहिला नव्हता.

बातमी फुटली ती पवित्र आत्म्याच्या सणाच्या आदल्या दिवशी, कोबी चिरताना. दुसऱ्या दिवशी हजार माणसांना सोपाश वाढायचं होतं. मांसाचा रस्सा, भिजवलेला पाव, वर पुदिना. कोबीचे ढीग आणि वीस बायका.

"मग काय ओतिलिया, ऐकतो ते खरं?" म्हातारी झेनोवेवा म्हणाली. तिच्या तोंडाला आणि सुरीला सारखीच धार. "समुद्रावर चाललीस म्हणे."

"समुद्रावर नाही गं. समुद्र दिसतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून, तोही मान वाकडी केली तर. आरोयो ग्रांदेला. दुआर्ते तिकडेच आहे ना."

"पायऱ्या?"

"एकही नाही."

कुणीतरी सुस्कारा टाकला. दिओलिंदाने कोबीचा गड्डा मधोमध कापला.

"किती पडलं?" झेनोवेवाने विचारलं.

"आठ लाख चाळीस."

"अगं बाई! आणि घरपट्टी? नव्या घराला नव्या किमतीची घरपट्टी. नऊ-साडेनऊ हजार तरी जातील वर्षाला. पेन्शन खाणार काय आणि घरपट्टी भरणार काय?"

दिओलिंदाच्या जिवाला तेवढ्याने थोडं बरं वाटलं. म्हणूनच तर या शहरातल्या म्हाताऱ्या माणसांना घर सोडवत नसे. गुडघे जावोत, जिने चढवेनासे होवोत, पण जुनी घरपट्टी कोण सोडणार? एका अर्थी सगळेच घरपट्टीला बांधलेले होते.

"नाही गं," ओतिलिया कोबीची पानं झटकत म्हणाली, जणू काही विशेष नाही. "माझी जुनीच घेऊन चाललेय."

"काय घेऊन चाललीस?"

"घरपट्टी. पंचावन्न वर्षांच्या वरच्यांना आता चालतं. जुनं घर विकायचं, दोन वर्षांच्या आत दुसरं घ्यायचं, राज्यात कुठेही. जुन्या घराचा आकडा नव्या घराला लावून मिळतो. इथे एकोणीसशे भरत होते, तिथेही तेवढेच भरणार. दलालीणबाईने सांगितलं."

वीस सुऱ्या थांबल्या. मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. ओतिलिया मधोमध बसली होती, गाल लाल झालेले, हातात कोबी. वाटलं, सणात मिरवणुकीतल्या राणीला घालतात तो मुकुट यंदा तिच्याच डोक्यावर ठेवलाय.

"आणि फॉर्म कोण भरणार?" ती टेबलापलीकडून ओरडली. "माझी कोमाद्रे!"

"दुआर्तेला सांग ना," दिओलिंदा म्हणाली. "तो कम्प्युटरवाला आहे."

"त्याला काय कळतं? तुझ्या हातचा फॉर्म कधी परत आलाय का?"

आला नव्हता. दिओलिंदाने हात पुसून ओतिलियाने पुढे केलेला फॉर्म घेतला, घडी न मोडता पर्समध्ये ठेवला आणि घरी येऊन टेबलक्लॉथांच्या खणात, सगळ्यात खालच्या टेबलक्लॉथखाली सारला.

मत्सर काही एकदम पेटत नाही. आधी तो हिशेबीपणाचं सोंग घेऊन येतो. दिओलिंदा मनाला सांगत होती की आपण फक्त विचार करतोय. तिला जमतं तर मला का नाही? मी तर तिच्याहून दोन वर्षांनी मोठी. मीही विकेन. बारा लाख येतील, माझी खोली एक जास्त आहे. तिच्या नव्या घराच्याच गल्लीत घेईन. नाही, तिच्या वरच्या अंगाला, टेकडीवर. मान वाकडी न करता समुद्र दिसेल असं.

मंगळवारी तिने निळा झगा घातला, फाइल काखेत मारली आणि घरांच्या किमती नोंदवणाऱ्या कचेरीत गेली. खिडकीपलीकडे एक तरुण, सभ्य माणूस होता. त्याने तिचा पत्ता यंत्रात घातला आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला.

"मॅडम, या घराच्या मालकीणबाई तुम्ही नाही."

"मी त्यात पंचेचाळीस वर्षं राहतेय."

"राहत असाल. मालकीण नतालिया बेतंकूर."

"ती माझी मुलगी. ते नुसतं कागदावर आहे."

"आमच्याकडे कागदच असतो, मॅडम," तो म्हणाला. त्याचा आवाज खरोखर हळवा होता, आणि त्यामुळे तिला जास्त राग आला.

झाय्मे गेला त्या वर्षी, वाचनालयातलं पुस्तक वाचून, कोर्टाचे हेलपाटे नकोत म्हणून, तिने घर नतालियाच्या नावावर करून दिलं होतं. स्वतःच फॉर्म भरला, स्वतःच नोंदवला. तेव्हा आईकडून मुलांकडे गेलेल्या घराची घरपट्टी तशीच राहायची. नतालियाने सॅक्रामेंटोहून फोनवर विचारलं होतं, "आई, एवढी काय घाई आहे?" आणि दिओलिंदा म्हणाली होती, "काम वेळच्या वेळी करणारी माणसंही जगात असावीत."

"मग ती परत करेल," दिओलिंदा खिडकीला म्हणाली. "उद्याच."

"मुलगी त्या घरात राहते?"

"सॅक्रामेंटोला राहते."

"मग परत दिलं की ते नव्याने मिळालेलं घर धरतात. आजच्या किमतीने आकारणी होईल. वकिलाला विचारा हवं तर, पण..." त्याने पडदा तिच्याकडे वळवला. "ज्याच्या नावावर घर नाही त्याला सवलत हलवता येत नाही, मॅडम."

बाहेर पडताना दिओलिंदाला आठवलं ते घर नव्हे, मुलगी नव्हे. आठवलं ते असं की त्याच महिन्यात तिने ओतिलियासाठीही तस्साच फॉर्म भरला होता. सगळा तयार, फक्त सही करायची होती. महिनाभर ती ओतिलियाच्या मागे लागली होती. "घर दुआर्तेच्या नावावर कर. उद्या डोळे मिटलेस तर पोरगा कोर्टात झिजेल." आणि ओतिलिया म्हणायची, "उद्या गं. आज सूप चुलीवर आहे." त्या बाईचं सूप चौदा वर्षं चुलीवर होतं. आळशी, विसराळू, चष्मा डोक्यावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी ओतिलिया, आणि तिच्या आळसाला समुद्र दिसणारी खिडकी मिळाली!

देवाच्या घरी न्याय आहे, असं दिओलिंदा आयुष्यभर मानत आली होती. त्या दिवशी बसमध्ये तिला पहिल्यांदा शंका आली की तिथेही फॉर्म तपासायला कुणी नसावं.

ऑगस्टात ओतिलिया गेली. ट्रकमध्ये तिचं शिवणयंत्र, तिचे संत, तिच्या हायड्रेंजियांच्या कुंड्या. गळ्यात पडून रडली. दिओलिंदाही रडली. कशासाठी, ते विचारायचं नाही असं तिने स्वतःशी ठरवलं होतं.

"फॉर्म झाला का गं?" दर रविवारी फोनवर ओतिलिया विचारायची.

"होतोय. घाई काय आहे? तीन वर्षं मुदत असते."

हे खोटं नव्हतं. मुदत खरोखर तीन वर्षांची होती. दिओलिंदा खोटं बोलणारी बाई नव्हतीच. ती फक्त खण उघडत नव्हती.

ओतिलियाच्या घरात थुई नावाची एक नर्स आणि तिचा नवरा राहायला आले. पोरगी गोड होती. आल्या आल्या तिने पपनसं आणून दिली. ऑक्टोबरात थुई पायऱ्यांवर बिल उघडून बसली होती, तेव्हा दिओलिंदा पानं झाडत होती.

"आजी," तिने कुंपणावरून विचारलं, "विचारू का एक? तुम्हाला किती आलं?"

"दोन हजार."

"महिन्याला?"

"वर्षाला."

थुईने आपल्या बिलाकडे पाहिलं. तिला चौदा हजार सहाशे आले होते. मग तिने दिओलिंदाच्या घराकडे पाहिलं, पायऱ्या, खिडक्या, सगळं तिच्याच घरासारखं, शिवाय मागची एक खोली जास्त. ती गोड हसली. पण ते हसू कुठल्या भांड्यातून आलं ते दिओलिंदा बरोबर ओळखत होती. गेले पाच महिने त्याच भांड्यातून ती स्वतः हसत होती.

आणि खरं सांगायचं तर तिला फार बरं वाटलं. दिवसभर ती ताठ मानेने वावरली. संध्याकाळी सूप ढवळताना तिला आठवलं की दोन हजारांचं ते बिल नतालियाच्या नावाने येतं. मग सूप करपलं.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, रविवार नसताना, ओतिलियाचा फोन आला.

"कोमाद्रे, साडेनऊ हजार आलेत."

दिओलिंदा खुर्चीवर बसली.

"नऊ हजार चारशे आणि वर काहीतरी. आणि आणखी एक पाकीट आलंय, मधल्या महिन्यांचं वेगळं. मी चारदा वाचलं. दुआर्तेने वाचलं. माझ्याजवळ उरलंय काय? जे होतं ते दलालाने, सरकारने आणि छपरावरच्या गवंड्याने वाटून घेतलं. महिन्याला चौदाशे मिळतात मला." तिचा आवाज बारीक झाला. "दुआर्ते म्हणतो, विकून टाक आणि माझ्याकडे राहायला ये. त्याच्या बायकोच्या शिवणाच्या खोलीत. मी म्हटलं, थांब. कोमाद्रेने फॉर्म पाठवलाय, काहीतरी घोळ झाला असेल. पाठवलायस ना?"

पहिल्या क्षणी दिओलिंदाच्या पोटात जे झालं ते सांगायला नको, पण सांगते. तिथे काहीतरी गारेगार पसरलं. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी प्यावं तसं. समुद्राची खिडकी बंद, ओतिलिया फोनवर सांगायची ते लिंबाचं झाड परक्याचं, ओतिलिया सुनेच्या शिवणाच्या खोलीत. सगळं बरोबरीत आलं. एवढंच तर हवं होतं.

तो गारवा एका श्वासाएवढा टिकला. मग तिच्या कानात फक्त पलीकडचं नाक ओढणं उरलं. नवरे वारले तेव्हा ओतिलिया असंच नाक ओढत होती. तिचा एझेकिएल गेला तेव्हाही, आणि दिओलिंदाचा झाय्मे गेला तेव्हा तर जास्तच.

"फॉर्म माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "विकू नकोस. काहीही सही करू नकोस. मी येते."

"तू? इथे? गुडघे?"

"गुडघे माझे आहेत. निदान ते तरी माझ्या नावावर आहेत."

"काय म्हणालीस?"

"काही नाही. उद्याच्या बसने येते. सूप कर."

पोस्टाने पाठवता आला असता फॉर्म. ते दिओलिंदालाही कळत होतं. पण सहीसाठी जायला हवं, असं तिने स्वतःला पटवलं, आणि पाच तास बसच्या खिडकीतून टेकड्या बघत बसली. मनात तळाशी जी गोष्ट होती ती अशी की तिला ते घर डोळ्यांनी बघायचं होतं. दात दुखत असला की जीभ तिथेच जाते.

घर लहान होतं. हे बघून तिला बरं वाटलं. पण पायरी खरंच एकही नव्हती. न्हाणीघरात टब नव्हता, शॉवर होता, बसायला लाकडी पाट होता. परसात हिरवा कोबी कमरेएवढा वाढलेला. आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून, मान किंचित वाकडी केली की, दोन छपरांच्या फटीतून, निळी पट्टी. किंचितच वाकडी करावी लागत होती. ओतिलियाने सांगितलं होतं त्यापेक्षा कमी.

"छान आहे," दिओलिंदा म्हणाली. हे दोन शब्द बाहेर काढायला तिला बसच्या प्रवासापेक्षा जास्त कष्ट पडले.

टेबलावर तिने फॉर्म पसरला. कोरा. आजवर घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ओतिलिया सुपाच्या वाट्या घेऊन आली आणि तिने तो कोरा कागद पाहिला. वाट्या खाली ठेवल्या.

"अगं, हा तर..."

"हो. कोरा आहे. जूनपासून माझ्या खणात होता. विसरले नव्हते. कामात होते असंही नाही. मी जळत होते, ओतिलिया. बस्स. तू जाणार, तुझी घरपट्टी घेऊन जाणार, आणि मी त्या सात पायऱ्यांवर. मला भरवेना. आता काय बोलायचं ते बोल."

ओतिलिया खुर्चीत बसली. चष्मा डोक्यावरून काढून डोळ्यांवर घेतला आणि दिओलिंदाकडे नीट पाहिलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय माहीत होतं?"

"सप्टेंबरातच कळलं. तू आणि उशीर? एझेकिएलच्या मरणाचे कागद तू फुलं सुकायच्या आत भरले होतेस. मी दुआर्तेला म्हटलं, कोमाद्रे जळतेय."

"आणि तरी गप्प राहिलीस? दुआर्तेकडून भरून घ्यायचास की! पाच मिनिटांचं काम होतं!"

"तो म्हणालाच होता. मीच नको म्हटलं." ओतिलियाने सुपात चमचा घातला आणि तसाच ठेवला. "मला बरं वाटत होतं गं. देवाशपथ. आयुष्यात माझ्यावर कोण जळलंय? तुझं इंग्रजी, तुझी मागची खोली, तुझी नतालिया रोज फोन करणारी. दुआर्ते तर बिलं आली की करतो. आणि दर रविवारी तुझ्या टेबलाशी मी शाळकरी पोरीसारखी. इथे सही कर, इथे कर, रेषेच्या वर जाऊ नकोस! मला वाटलं, एकदा हिला स्वतःच्या अक्षरात लिहू दे. मालकीण, ओतिलिया सिल्वैरा. म्हणून तुला दिला फॉर्म. मग तू भरेनास, तेव्हा तर आणखीच मजा वाटायला लागली. दर रविवारी फोन करून विचारायचे ते त्यासाठीच. तुझा आवाज कसा आंबायचा!"

"सटवे!"

"आहेच. पण साडेनऊ हजारांचं बिल येईल असं वाटलं नव्हतं गं. तेव्हा मात्र मजा संपली."

शेजारच्या परसात कुणाच्या तरी कोंबड्या ओरडत होत्या. दिओलिंदाने पेनचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "मला नेता येणार नाही. कधीच. माझं घर माझं नाही. नतालियाच्या नावावर आहे. परत घेतलं तर आजच्या किमतीची घरपट्टी लागेल."

ओतिलियाला कळायला वेळ लागला. तिचे ओठ हलले, जणू ती बेरीज करत होती.

"म्हणजे तेव्हा तू मला जो फॉर्म... महिनाभर माझ्यामागे लागली होतीस... मी जर ती सही केली असती..."

"तर आज तूही माझ्याशेजारी. पायऱ्यांवर."

ओतिलियाने तोंडावर हात ठेवला. दिओलिंदाने मनाची तयारी केली, आता ही हसणार, हसू दे, हिचा हक्क आहे. पण ओतिलिया हसली नाही. हात पुढे करून तिने दिओलिंदाच्या पेनवाल्या हातावर ठेवला, आणि ते हसण्यापेक्षा शंभरपट वाईट होतं.

"दया नको दाखवू," दिओलिंदा म्हणाली. "हस, पण दया नको."

"बरं," ओतिलिया म्हणाली, आणि मग हसली. हसता हसता तिचे दात सुपात पडायची वेळ आली. "सूप चुलीवर होतं म्हणून! देवा रे! सूप चुलीवर होतं म्हणून!"

दिओलिंदा आधी रागावली. मग ती रागावलेलीच राहिली, पण तिचे खांदेही हलायला लागले.

फॉर्म भरायला वीस मिनिटं लागली. जुन्या घराचा पत्ता. विकल्याची तारीख, नव्या घेतल्याची तारीख. जुन्या घरात अर्जदार स्वतः मालक म्हणून राहत होती का? दिओलिंदाने काळ्या शाईत, एकेक अक्षर सुटं, नीट लिहिलं. मालकीण, ओतिलिया सिल्वैरा. ओतिलिया तिच्या खांद्यावरून वाचत होती. श्वास कानाला लागत होता.

"पुन्हा एकदा लिही ना. कुठेतरी."

"इथे सही कर," दिओलिंदा म्हणाली. "रेषेच्या वर गेलीस तरी चालेल."

दुसऱ्या दिवशी ओतिलियाच्या जुन्या गाडीतून दोघी सॅन लुइस ओबिस्पोला जिल्ह्याच्या कचेरीत गेल्या. नव्या घराचा जिल्हा हाच, त्यामुळे अर्ज इथेच द्यायचा. खिडकीपलीकडची बाई पान न् पान उलटून बघत होती. जुन्या घराचा आकडा सॅन होझेहून मागवून घेऊ, ती म्हणाली, आणि मुदतीत आलाय म्हणजे बिल दुरुस्त होईल, जास्तीचं भरलं असेल तर परत मिळेल. ओतिलियाने दिओलिंदाचं मनगट इतकं घट्ट धरलं की वळ उठला.

"किती सुंदर भरलाय," खिडकीतली बाई म्हणाली. "असे अर्ज आता येत नाहीत. कुणी भरला?"

"माझ्या कोमाद्रेने," ओतिलिया म्हणाली, अख्ख्या कचेरीला ऐकू जाईल असं.

"वा!" बाई दिओलिंदाकडे वळली. "आणि तुमचा? तुम्हीपण येताय का इकडे राहायला? दोघींचे एकदमच घेते."

दिओलिंदाने तोंड उघडलं. काय सांगायचं ते तिला नेमकं माहीत होतं. मालकी हस्तांतरित झालेली आहे, अर्जदार पात्र नाही. दोन वाक्यं, दोन्ही बरोबर.

"तिला नकोय," ओतिलिया आधीच म्हणाली. "तिचं घर मोठं आहे. तिला ते सोडवत नाही."

दिओलिंदाने आयुष्यभर लोकांची चुकीची उत्तरं खोडली होती. पेनने, तोंडाने, नुसत्या भुवईनेसुद्धा. हे सबंध चुकीचं उत्तर तिने तसंच राहू दिलं. खिडकीतल्या बाईने कौतुकाने मान हलवली आणि शिक्का मारला.

बाहेर ऊन होतं आणि वाऱ्याला मिठाचा वास. ओतिलिया पर्समध्ये पोच ठेवत होती, काढत होती, परत ठेवत होती.

"ती काय म्हणाली गं, किती वेळा नेता येते अशी घरपट्टी?"

"तीनदा."

"म्हणजे माझ्या अजून दोन शिल्लक."

"गप्प बस, ओतिलिया."

"नाही, नुसतं विचारतेय. पुढच्या वेळी अगदी पाण्याला लागून घेईन म्हणते."

"गाडी चालव," दिओलिंदा म्हणाली. "आणि आधी चष्मा डोळ्यांवर घे."